परतीच्या पाण्याची वाट

न्हावा शेव्याच्या परिसरात जेथे अजून भराव पडलेला नाही अशा एखाद्या खाजणाच्या कडेला ओहोटीच्या वेळी उभे राहिले, तर जुन्या बांधाच्या पोटात बसविलेली एक साधी लाकडी झडप हळूहळू बाहेरच्या बाजूस कलताना आणि तिच्याखालून शेतातले साचलेले पाणी गढूळ धारेने खाडीकडे निघालेले दिसते. पुढे भरती आली म्हणजे खाडीचेच पाणी त्या झडपेवर दाब देते व ती आपोआप घट्ट मिटते. या झडपेला खारेपाटातले लोक उघाडी म्हणतात. तिला पहारेकरी लागत नाही, कुलूप लागत नाही. पाण्याला एका दिशेने जाऊ द्यावयाचे व दुसऱ्या दिशेने येऊ द्यावयाचे नाही, एवढा एकच कायदा तिला ठाऊक असतो, आणि त्या एका कायद्याच्या आधारावर या किनाऱ्यावरच्या आगरी व कोळी समाजाने पिढ्यान् पिढ्या समुद्राच्या तोंडातून भातशेती काढून घेतली.

हा प्रदेश मुळात सरकारदरबारीही वेगळा मोजला जाई. खाजणात बांध घालून जमीन लागवडीस आणणाऱ्यांना प्रथम काही वर्षे सारामाफी आणि नंतर पायरीपायरीने वाढत जाणारा आकार अशा इस्ताव्याच्या कौलाने जमिनी दिल्या जात; बांधाच्या दुरुस्तीची जबाबदारी अंगावर घेणारे शिलोत्रीदार, आणि एका बांधाच्या आश्रयाने असलेल्या शेतांचा जो गट त्याची जोळ, अशी सगळी व्यवस्था कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्याच्या महसुली इतिहासात नमूद आहे. या व्यवस्थेचे मर्म असे की, गोडे पाणी शेतात आणणे हे तिच्यातले अवघड काम नव्हते, कारण ते काम पाऊस करीत असे. आलेले पाणी वेळच्या वेळी परत लावणे हेच कष्टाचे व जोखमीचे काम होते. उघाडी चिखलाने तुंबली किंवा तिची फळी कुजली, तर वरून हिरवेगार दिसणारे शेत मुळाशी सडू लागे आणि मालकाच्या ते ध्यानात येईपर्यंत हंगाम गेलेला असे.

मनुष्यदेहातही असेच एक परतीचे पाणी आहे, आणि त्याची वाट डोळ्यांना दिसावी म्हणून माणसाने चारशे वर्षे जी खटपट केली, तिचा इतिहास या किनाऱ्याच्या आणि समोरच्या मुंबईच्या इतिहासाशी अनेक ठिकाणी गुंतलेला आहे. हृदयातून निघालेले रक्त सूक्ष्म केशवाहिन्यांतून जाताना त्यातला पाण्यासारखा अंश भिंतींतून झिरपून पेशींच्या भोवती पसरतो. दिवसभरात असे कित्येक लिटर पाणी रक्ताबाहेर पडते, आणि ते पुन्हा रक्तात नेऊन सोडण्याचे काम लसीकावाहिन्यांचे एक अत्यंत नाजूक जाळे करते. या वाहिन्यांच्या आत ठिकठिकाणी झडपा असतात व त्या आमच्या उघाडीसारख्याच एका दिशेने उघडतात. वाटेत लसीकाग्रंथी नावाच्या चौक्या असतात. तेथे परतीच्या पाण्याबरोबर आलेले जंतू, कचरा आणि कर्करोगाच्या भटक्या पेशी अडविल्या जातात. शिरा निळ्या दिसतात, नाडी हाताला लागते. परंतु लसीका पाण्यासारखी नितळ आणि तिच्या वाहिनीची भिंत काचेहून पातळ, त्यामुळे हे सर्व तंत्र शरीरभर पसरलेले असूनही शेकडो वर्षे शरीरशास्त्रज्ञांच्या नजरेआड राहिले.

सामान्य जनांना मात्र या वाटेची दोन टोके फार पूर्वीपासून ठाऊक होती. अनवाणी चालणाऱ्याच्या पायात काटा मोडला, जखम चिघळली आणि जांघेत दुखरी गाठ आली, म्हणजे घरातील वृद्ध स्त्री ‘अवधाण आलं’ असे म्हणे आणि गाठीला शेक देण्याआधी पायाची जखम पाही. पाऊल कोठे आणि जांघ कोठे. पण या दोहोंमध्ये कसलासा रस्ता आहे हे त्या एका शब्दाने मान्य केले होते. रस्त्याचा आरंभ माहीत, पहिली चौकी माहीत, मधला मार्ग तेवढा अदृश्य, अशी ही लोकज्ञानाची अवस्था होती.

शास्त्रानेही येथे दूरवर पाहिले होते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात श्लीपदाचे, म्हणजे ज्याला आपण हत्तीपाय म्हणतो त्या व्याधीचे, वर्णन आहे. आणि ज्या प्रदेशांत जुने पाणी साचून राहते व जे सर्व ऋतूंत थंड असतात तेथे हा रोग विशेषेकरून होतो, असे निरीक्षण तेथे नोंदविले आहे. वर्षाहून जुने झालेले, फार वाढलेले आणि वारुळासारखे उंचवटे आलेले श्लीपद वैद्याने सोडून द्यावे, असेही तो ग्रंथ सांगतो. साचलेले पाणी आणि सुजलेला पाय यांचा संबंध इतक्या स्पष्टपणे जोडणाऱ्या त्या निरीक्षकाच्या हाती सूक्ष्मदर्शक नव्हता, डासाच्या पोटात काय चालते हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. तरी देशाचे पाणी आणि देहाचे पाणी एकाच दृष्टीने पाहण्याची त्याची वृत्ती आज अधिकच आदरास पात्र वाटते.

लसीकावाहिन्या प्रथम स्पष्टपणे दृष्टीस पडल्या त्या इटलीतील मिलान नगरात, २३ जुलै १६२२ रोजी. त्या काळी दख्खनेत मलिक अंबराची कारकीर्द चालू होती, उरण-करंजाच्या बाजूस पोर्तुगीज अंमल होता आणि शिवछत्रपतींच्या जन्मास अजून आठ वर्षे अवकाश होता. गास्पारे आसेल्ली या शस्त्रवैद्याने नुकत्याच जेवलेल्या एका जिवंत कुत्र्याचे पोट चिरले असता आतड्याच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचे जाळे दिसले. त्या नसा असाव्यात असे त्याला क्षणभर वाटले, पण त्यातील एक कापताच दुधासारखा द्रव बाहेर आला. अन्नातील स्निग्धांश वाहून नेणाऱ्या त्या लसीकावाहिन्या होत्या आणि त्या स्निग्धांशामुळेच त्या काही काळ पांढऱ्या झाल्या होत्या. आसेल्लीच्या मृत्यूनंतर १६२७ मध्ये निघालेल्या त्याच्या ग्रंथात ही आकृती रंगीत ठशांनी छापलेली आहे. पुढे पाओलो मास्कान्यी याने प्रेतांच्या वाहिन्यांत बारीक काचनळीने पारा भरून संपूर्ण देहाचा लसीकानकाशा तयार केला व तो १७८७ मध्ये, म्हणजे इकडे सवाई माधवरावांची पेशवाई चालू असताना, प्रसिद्ध केला. तो नकाशा पाहणाऱ्याला आजही थक्क करतो. परंतु ज्या देहावर तो काढला तो निष्प्राण होता. वाहणे हाच ज्याचा धर्म, ते पाणी थांबल्यानंतरच दिसावे, ही त्या विद्येची फार मोठी उणीव होती. जिवंत देहाला न कापता ही वाट पाहता येईल काय, हा प्रश्न तेथून पुढे उभा राहिला.

मुंबईकरांना या प्रश्नाची एक बाजू फार कठोरपणे शिकावी लागली. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले. प्लेगच्या जंतूने पिसू चावलेल्या ठिकाणाहून लसीकेच्या वाटेने जाऊन जांघेतल्या वा काखेतल्या ग्रंथीत ठाण मांडावे आणि ती ग्रंथी सुजून यावी, हे त्या रोगाचे लक्षण. म्हणून आपल्या लोकांनी त्याला गाठीचा रोग असेच नाव दिले. शरीरातील ही चौकी तेव्हा सरकारी बंदोबस्ताचा विषय झाली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा आला. रेल्वे फलाटांवर उतारू उतरवून घेऊन त्यांच्या काखा व जांघा चाचपण्याचे हुकूम सुटले. त्यातून स्त्रियाही वगळल्या गेल्या नाहीत. पुण्यात या जुलमाचा संताप किती खोल गेला होता हे २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग-बंदोबस्ताचा अधिकारी रँड याच्यावर झालेल्या गोळीबाराने दिसले. त्याच काळात हाफकीन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. एकच रोग आणि एकच वर्ष. पण परक्या देहाला अधिकाराने हात घालणे आणि स्वतःचा देह प्रयोगास पुढे करणे, या दोन वृत्तींमधले अंतर त्या वर्षाने आमच्या समाजाला कायमचे दाखवून दिले. रोग्याचा देह पाहणे हे त्याच्या मर्यादेला धक्का न लावता झाले पाहिजे, हा वैद्यकाचा नियम मला या इतिहासात अधोरेखित झालेला दिसतो.

हत्तीपायाचे कारणही याच अर्धशतकात उलगडले. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमथी लुइस यांना माणसाच्या रक्तात सूक्ष्म कृमी आढळले. १८७७ मध्ये चीनच्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी ते कृमी डासाच्या देहात वाढतात हे दाखविले. प्रौढ कृमी लसीकावाहिनीतच बिऱ्हाड करतो, वर्षानुवर्षे तेथे राहतो, वाहिनी फुगते, झडपा एकमेकींना भिडेनाशा होतात आणि पाणी उलटे फिरून पायात मुरू लागते. उघाडीची फळी कुजल्यावर शेताचे जे होते तेच येथे देहाचे होते. स्वतंत्र भारताने १९५५ मध्ये राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात विदर्भाचे जिल्हे आणि कोकणपट्टीत ठाणे व सिंधुदुर्ग यांना या रोगाचा उपद्रव पुढेही सोसावा लागला. कृमीची पिले रक्तात रात्रीच वावरतात, म्हणून आरोग्यसेवक रात्री घरोघर जाऊन बोटाचे रक्त घेत. ही रात्रीची पायपीट वाचावी अशी रक्तचाचणी शोधण्यासाठी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ यांनी दीर्घकाळ संशोधन केले. परंतु कृमी आहे की नाही हे कळले तरी वाहिनी कोठे तुंबली हे कळत नसे. पाय डोळ्यांना सुजलेला दिसे तोवर आतले नुकसान होऊन गेलेले असे.

दुसरी गरज कर्करोगाच्या शस्त्रक्रियेने निर्माण केली. न्हाव्याच्या किनाऱ्यावरून समोर दिसणाऱ्या मुंबईत, परळ येथे, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले. रक्ताच्या कर्करोगाने १९३१ मध्ये निवर्तलेल्या लेडी मेहेरबाई टाटा यांच्या स्मृतीशी ते जोडलेले आहे. तेथील प्रयोगशाळेची उभारणी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी केली, आणि शल्यविभागात डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्यासारख्या निष्णात व दयार्द्र शल्यवैद्याने आयुष्य वेचले. स्तनाच्या कर्करोगात त्या पिढीपर्यंतची रीत अशी होती की गाठीबरोबर काखेतील सर्व लसीकाग्रंथी उपसून काढावयाच्या, कारण शत्रू कोणत्या चौकीपर्यंत पोहोचला हे ठरविण्याचे साधन नव्हते. प्राण वाचत, पण चौक्यांबरोबर रस्ताही उखडला गेल्याने कित्येक स्त्रियांचा हात पुढे जन्मभर सुजलेला राही. पाणी शेंदणारी, भाकरी थापणारी, मासळीची पाटी उचलणारी स्त्री अशा हाताने संसार कसा करीत असेल, याची नोंद कोणत्याही तक्त्यात सापडत नाही.

येथे रंगाने साहाय्य केले. १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत हडॅक व मॅकमास्टर यांनी जिवंत माणसाच्या त्वचेत निळा रंग अत्यल्प प्रमाणात टोचून लसीकावाहिन्या निळ्या रेघांच्या रूपाने दाखविल्या. १९५२ मध्ये लंडनच्या किनमंथ यांनी त्याच रंगाच्या खुणेवर पावलावरची वाहिनी शोधून तिच्यात क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य भरले व संपूर्ण पायाचे चित्र घेतले. पुढे १९९२ मध्ये मॉर्टन यांनी त्वचेच्या कर्करोगात आणि १९९४ मध्ये जुलियानो यांनी स्तनाच्या कर्करोगात असे दाखविले की रंग सर्वप्रथम ज्या ग्रंथीत पोहोचतो ती पहारेकरी ग्रंथी तपासली आणि निर्दोष निघाली, तर पलीकडच्या ग्रंथींना हात लावण्याचे सहसा कारण उरत नाही. अवधाण या शब्दात जे ज्ञान मुरले होते, ते आता शस्त्रक्रियागृहात निळ्या अक्षरांनी लिहिले गेले. पहारेकरी ग्रंथी शोधण्यास वापरली जाणारी किरणोत्सर्गी द्रव्ये व महागडी यंत्रे प्रत्येक तालुक्यात नसतात हे जाणून टाटा रुग्णालयाच्या शल्यवैद्यांनी काखेच्या खालच्या भागातील मोजक्या ग्रंथी काढून तपासण्याची एक साधी रीत पारखली आणि तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. गरीब देशाच्या वैद्यकाने परावलंबी न राहता कसे वागावे याचा तो चांगला पाठ आहे.

तरीही त्वचेखाली खोल गेलेला निळा रंग पाहण्यास त्वचा उघडावी लागे. त्वचा न उघडता पाहण्याची युक्ती शेवटी प्रकाशानेच दिली. अंधारात विजेरी तळहाताखाली धरली तर हात लाल दिसतो, हे प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. त्याचे कारण असे की रक्तातील हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश गिळते पण तांबड्याला पुष्कळसे जाऊ देते. आणि तांबड्याच्याही पलीकडे, डोळ्यांना न दिसणारा जो अवरक्त प्रकाश आहे, त्याच्या आरंभीच्या पट्ट्यात रक्त आणि पाणी दोघेही बरेच उदार होतात. ७०० ते ९०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींची ही खिडकी निसर्गाने देहाला मुळातच ठेवलेली आहे. कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मलेला इंडोसायनिन ग्रीन नावाचा हिरवा रंग याच खिडकीत चमकतो. १९५९ पासून तो अमेरिकेत हृदय आणि यकृत यांच्या तपासणीसाठी मान्य होता; पण त्याचा लसीकेसाठी उपयोग होण्यास जवळजवळ अर्धशतक जावे लागले. त्याचा एक थेंब पावलाच्या बोटांमधील त्वचेत टोचला असता तो तेथील प्रथिनांना चिकटतो, प्रथिनांच्या आकारामुळे रक्तवाहिनीत शिरू शकत नाही आणि म्हणून लसीकेचीच वाट धरतो. वरून सुमारे ७८० नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की तो सुमारे ८३० नॅनोमीटरच्या प्रकाशाने उत्तर देतो, आणि ते उत्तर टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर अंधाऱ्या पायावरून एक उजळ रेघ वर सरकत जाते. जपानमधील उन्नो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या रीतीने सुजलेल्या अवयवांची चित्रे प्रसिद्ध केली, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत सेविक-मुराका यांच्या गटाने अत्यंत सूक्ष्म मात्रेवरही मानवी लसीकेचा प्रवाह दिसतो हे सिद्ध केले.

पडद्यावरचे ते दृश्य ज्याने पाहिले त्याला मास्कान्यीचा पाऱ्याचा नकाशा अपुरा का वाटतो हे तत्काळ उमगते. रेघ स्थिर नसते. वाहिनीचा एक तुकडा आकुंचन पावतो, उजेडाचा एक लहानसा गोळा झडप ओलांडून पुढच्या तुकड्यात जातो, क्षणभर थांबतो, पुन्हा पुढे ढकलला जातो. हृदयाचा आधार नसलेले हे पाणी स्वतःच्या बळाने चढ चढत असते. जेथे झडपा निकामी झाल्या तेथे रेघ तुटते आणि उजेड त्वचेत शिंपडल्यासारखा पसरतो, आणि हा पसारा अनेकदा सूज डोळ्यांना दिसण्यापूर्वीच ओळखू येतो. त्याच्या आधारे शल्यवैद्य अर्ध्या मिलिमीटरच्या लसीकावाहिनीला शेजारच्या शिरेशी जोडून पाण्याला नवी वाट काढून देऊ शकतात. या रीतीला मर्यादा आहेत: दृष्टी फार तर एक-दोन सेंटिमीटर खोल जाते आणि सुईची एक टोचणी उरतेच. ती टोचणीही टळावी म्हणून आता प्रकाशाच्या प्रतिध्वनीवरून त्वचेचे थर मोजणारी पद्धती पुढे आली आहे. तिच्यात लसीका प्रकाश फारसा विखुरत नसल्यामुळे तिची वाहिनी उजळ ऊतकात काळ्या पोकळीसारखी दिसते. बॉस्टनच्या संशोधकांनी २००९ मध्ये उंदरांत हे कोणताही रंग न घालता दाखविले. ज्या नितळपणाने लसीकेला शतकानुशतके लपविले, तोच नितळपणा अखेर तिची ओळख ठरला. मात्र येथे दृष्टी एक-दोन मिलिमीटरच्या पलीकडे जात नाही.

या विद्येचे एक घर आता खुद्द रायगड जिल्ह्यात आहे. खानोलकरांनी १९५२ मध्ये उभारलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचा वारसा घेऊन टाटा स्मारक केंद्राची संशोधनसंस्था २००२ मध्ये पनवेल तालुक्यातील खारघर येथे आली. आणि १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा शेवा हा २१.८ किलोमीटरचा सागरी सेतू उघडल्यापासून परळच्या बाजूचा किनारा आणि उरणचा किनारा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आले आहेत. पण ज्या भूमीवर हा सेतू उतरतो तिचाही एक हिशेब आहे. नव्या शहरासाठी व बंदरासाठी येथील शेते, मिठागरे आणि खाजणे संपादित झाली, मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार झाला व पाच जण हुतात्मा झाले. शेव्याच्या कोळीवाड्याला आपले मूळ ठिकाण सोडावे लागले. आणि २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. आज त्या बंदरात बंद कंटेनर न उघडता क्ष-किरणांनी आतला माल पाहण्याची सोय आहे. परंतु भरावाखाली किती नाळी आणि किती उघाड्या गाडल्या गेल्या हे दाखविणारे यंत्र कोणी बसविले नाही, आणि म्हणून ज्या गावांत पूर्वी उधाणाचे पाणीही शिरत नसे, तेथे आता पावसाचे पाणी निघण्याची वाट पाहत घरात उभे राहते.

नव्या मुंबईच्या आखणीकारांना हे तत्त्व अपरिचित नव्हते. हॉलंडच्या धर्तीवर त्यांनी धारणतलाव बांधले आणि त्यांच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा बसविल्या; उघाडीचाच तो लोखंडी अवतार होय. पुढे त्या तलावांत गाळ साचला, खारफुटी वाढली, झडपांची देखभाल मागे पडली. ज्याचे काम दिसत नाही त्याची तरतूद अंदाजपत्रकात शेवटी होते, ही देहाच्या व देशाच्या कारभारातील सारखीच खोड आहे. म्हणून कॅमेऱ्यातली ती सरकणारी रेघ मला एखाद्या उपकरणाच्या चमत्काराहून मोठी वाटते. आजवर नोंदीबाहेर राहिलेल्या वाटेची ती पहिली खरी मोजणी आहे, आणि जे मोजले गेले त्याची दुरुस्ती मागता येते.

जोळीतला जाणता शेतकरी उधाणाच्या आधी बांधावरून एक फेरी मारीत असे. खेकड्याने बीळ केले असेल तर तेथे आतल्या बाजूस पाण्याचा अगदी बारीक पाझर दिसे. तो दिसताच मूठभर चिखल तेथल्या तेथे दाबला जाई आणि पुढची खांड टळे. तो बांध खणून पाहत नसे. सकाळच्या तिरप्या उन्हात जमिनीवर कोठे चमकते आहे, एवढेच तो पाही.